येणार नसाल तर आधी कळवा
(पालकांच्या सभेत केलेले भाषण)



पावसाळा लागला की शाळाशाळांतून खेळांच्या स्पर्धा सुरू होतात. आधी तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या, मग विभागाच्या आणि शेवटी राज्याच्या. आपली मुले आणि मुली त्यांत उतरतात. कोणी खो-खो खेळते, कोणी कबड्डी. तुमच्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी लहानपणी तिला हुतुतू म्हटले असेल.

खेळ कसा खेळावा हे सांगायला मी उभा नाही. ते गुरुजी शिकवतात. जो खेळ खेळलाच जात नाही, त्याविषयी मला बोलायचे आहे. संघाचे नाव दिलेले असते. मैदान आखलेले असते. पंच शिट्टी गळ्यात घालून उभे असतात. आणि ऐन वेळी निरोप येतो, "आम्ही येत नाही." कधी कधी तर निरोपही येत नाही.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय बिघडलं? एक संघ नाही आला, तर बाकीचे खेळतील. गाडी एकासाठी थांबते का?

गाडी थांबत नाही, हे खरे. पण काय काय होते ते जरा पाहू.

ज्या शाळेत स्पर्धा भरते, तिथे आठ-दहा दिवस आधी कामाला सुरुवात होते. मैदानातले दगड वेचतात. गवत काढतात. खो-खोचे खांब पुरतात. फक्कीने रेघा मारतात. पाऊस पडला की रेघा वाहून जातात, त्या पुन्हा मारतात. पिण्याच्या पाण्याची सोय करतात. मुलींचे संघ येणार असले तर कपडे बदलायला वेगळी खोली, मोरी, संडास, हे सारे बघावे लागते. पंचांना बोलवावे लागते.

आणि जेवण! खो-खोचा एक संघ म्हणजे बारा मुली धरा. बरोबर दोन शिक्षक. झाली चौदा माणसे. प्रत्येकी तीन भाकरी धरल्या, तर एका वेळच्या बेचाळीस भाकरी. गावातल्या बचत गटाच्या बाया पहाटे चारला उठून त्या थापतात. संघ आला नाही, की त्या बेचाळीस भाकऱ्या टोपलीत तशाच राहतात. पीठ गेले, सरपण गेले, झोप गेली. दोन संघ आले नाहीत, तर चौऱ्याऐंशी. हा हिशेब कोणी वहीत मांडत नाही. म्हणून मी इथे मांडला.

आता दुसरी गोष्ट. कोणाचा सामना कोणाशी, हे स्पर्धेच्या आधी चिठ्ठ्या टाकून ठरवतात. त्या कागदाला भाग्यपत्रिका म्हणतात. नाव मोठे आहे, पण काम सोपे आहे. समजा, अकरा संघांनी नावे दिली. जो हरला तो घरी गेला, अशी पद्धत आहे. हिला बाद पद्धत म्हणतात. बाद पद्धतीत दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा असा आकडा जमावा लागतो. अकराच्या पुढचा तसा आकडा सोळा. सोळातून अकरा गेले, राहिले पाच. म्हणजे पाच संघांना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल मिळते. उरलेले सहा संघ तीन सामने खेळतात. तीन जिंकलेले आणि पाच पुढे गेलेले मिळून आठ झाले. मग आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक.

आता समजा, त्या सहांपैकी दोन संघ आलेच नाहीत, आणि नेमका त्या दोघांचाच एकमेकांशी सामना होता. तर तो सामना झालाच नाही. त्यातल्या विजेत्याशी पुढे ज्याची गाठ होती, तो संघही न खेळता पुढे गेला. त्याला पहिल्या फेरीत पुढे चाल होतीच. म्हणजे तो एकदाही न खेळता शेवटच्या चारांत जाऊन बसला! त्याचा काही दोष नाही. पण दुसरीकडे चिखलात दोन-दोन सामने खेळून, गुडघे फोडून घेऊन जी मुले शेवटच्या चारांत आली, त्यांना काय वाटेल? चिठ्ठ्या टाकण्याच्या आधी एक निरोप आला असता, तर नऊ संघांची नवी भाग्यपत्रिका काढता आली असती. एका निरोपाचे काम होते.

काही ठिकाणी साखळी पद्धतीने खेळतात. तिच्यात प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. सहा संघ असले तर पंधरा सामने. तीन मैदाने असली, की एका वेळी तीन सामने चालतात आणि पाच फेऱ्यांत खेळ आटोपतो. एक संघ गळाला तर सामने दहाच उरतात. वाटते, चला, लवकर सुटका झाली. पण तसे होत नाही. फेऱ्या पाचच लागतात, आणि प्रत्येक फेरीत एक संघ नुसता बसून राहतो. दिवस तेवढाच, खेळ कमी.

याहून वाईट एक प्रकार आहे, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. संघ सकाळी येतो, दोन सामने खेळतो, दोन्ही हरतो. मग कोणी तरी म्हणतं, "आता राहून काय करायचं? दुपारची एस.टी. पकडू." आणि न सांगता निघून जातो. ज्या दोन संघांनी त्याला हरवले, त्यांचे गुण धरायचे की सोडायचे? धरले तर बाकीच्यांना ते मिळवायची संधीच नाही. सोडले तर त्या दोघांची मेहनत पाण्यात. मग भांडण पंचांच्या टेबलापाशी. मुले ऐकत असतात. हरलेल्याने शेवटचा सामना खेळून जावे, हे त्याच्याकडून आपले येणे आहे. तो हरला म्हणून ते माफ होत नाही.

आता जी मुले आली, त्यांच्याकडे पाहू. खो-खोत आठ जणी चौकात बसतात आणि नववी धावते. ती पाठीवर थाप देऊन "खो" म्हणेल, या एका शब्दासाठी आठ जणींचे कान टवकारलेले असतात. महिना-दीड महिना त्या संध्याकाळी सराव करतात. घरचे पाणी भरून, भांडी घासून करतात. स्पर्धेच्या दिवशी वेण्या घट्ट घालून, मालमोटारीतून किंवा एस.टी.तून पंचवीस कोस येतात. मैदानावर ओळीने उभ्या राहतात. समोर कोणी नसते. पंच घड्याळ बघतात. ठरलेला वेळ संपला की शिट्टी वाजते. "पुढे चाल." झाला सामना! कागदावर त्या जिंकल्या. त्यांच्या तोंडाकडे बघा. एकही हसत नसते.

असे शाळेतल्या पोरांच्याच बाबतीत घडते असे नाही. मोठमोठ्या देशांनीही असे केले आहे. १९५० साली ब्राझील देशात फुटबॉलची जागतिक स्पर्धा झाली. सोळा संघांची योजना होती. खेळायला आले तेरा. एका गटात तर दोनच संघ उरले, उरुग्वे आणि बोलिव्हिया. उरुग्वेने बोलिव्हियाला आठ गोलांनी हरवले आणि एकच सामना खेळून तो पुढच्या फेरीत गेला. शेवटी करंडकही त्यानेच नेला. पुढे त्याने चांगल्या संघांशी टक्कर दिली, तेव्हा त्याचा पराक्रम कमी नव्हे. पण त्याच वेळी दुसऱ्या काही गटांतले संघ तीन-तीन सामने खेळून दमत होते, हेही खरे.

त्या न आलेल्या संघांत आपला हिंदुस्थानही होता, बरं का. का गेला नाही? आजही घरोघर सांगतात, की आपल्या खेळाडूंना अनवाणी खेळू देईनात, म्हणून गेला नाही. आपल्या फुटबॉल संघटनेने दिलेले कारण निराळे होते. सरावाला वेळ पुरेसा नाही आणि संघ निवडण्यावरून मतभेद आहेत, असे ते कारण होते. पण अनवाणी पायांची गोष्ट ऐकायला गोड. ती सत्तर वर्षांहून जास्त काळ चालली आहे. कारण स्पष्ट सांगितले नाही, किंवा सांगितलेले चारचौघांपर्यंत पोचले नाही, तर लोक आपल्या मनाने कारण तयार करतात. तालुक्याच्या स्पर्धेतही हेच होते. जो संघ काही न बोलता गैरहजर राहतो, त्याच्याबद्दल दुपारपर्यंत चार गोष्टी उठतात. "घाबरले." "मास्तरांनी पैसे खाल्ले." "पोरी पळून गेल्या." शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. ती बोलणारा बोलून जातो. तिचा त्रास मुलींना वर्षभर होतो.

मग संघ ऐन वेळी मोडतो तरी का?

कधी कारण खरे असते. नदीला पूर आला, रस्ता बंद झाला. दोघी तापाने आजारी पडल्या. गावात कोणी वारले. अशा वेळी न जाणे हेच योग्य. पुराच्या पाण्यात मुलांनी भरलेली गाडी घालणारा शिक्षक शूर नव्हे. त्याला मी बेजबाबदार म्हणेन.

पण पुष्कळदा कारण आपल्या घरात असते, आणि ते आपल्याला आधीपासून ठाऊक असते. सांगतो कसे ते. महिनाभर आधी शाळेतून संमतीपत्र येते. आपण ते न वाचता सही करतो. मुलगी आनंदात. मग स्पर्धेच्या आदल्या रात्री बोलणे निघते.

"आई, उद्या पहाटे पाचला गाडी हाये."

"उद्या? अगं, उद्या आत्याकडं बारसं. तुला कोण सोडतंय?"

"पण तू सही केलीस ना कागदावर!"

"कागद गेला खड्ड्यात. सांग तुझ्या मास्तरांना, माझी पोरगी येणार न्हाई."

आणि ती एकटी राहत नाही. तिची आई नको म्हणाली, हे शेजारणीला कळते. तिलाही वाटते, मग आपली तरी कशाला? बारांतल्या चार गळाल्या की राहिल्या आठ. आठ जणी चौकात बसल्या, तर धावणार कोण? संघ मोडला. रात्री दहा वाजता गुरुजी फोन हातात घेऊन ओट्यावर बसलेले असतात. कोणाला काय सांगावे, कळत नाही.

आपण नव्याने वाचायला शिकलो आहोत. त्याचा एक उपयोग हा आहे. सहीच्या आधी कागद वाचावा. तारीख कोणती? गाव कोणते? परत कधी येणार? बरोबर बाई आहेत का? मुक्काम असला तर कुठे? हे प्रश्न त्याच दिवशी विचारावे. शंका असेल तर "नाही" त्याच दिवशी म्हणावे. पहिल्या दिवशीच्या "नाही"ने कोणाचे नुकसान होत नाही. गुरुजी दुसरी मुलगी तयार करतात. एक महिना हाताशी असतो. आदल्या रात्रीच्या "नाही"ने बारा जणींचे नुकसान होते, आणि समोरच्या बारा जणींचेही.

हे मुलांच्या बाबतीतही तितकेच खरे. पण मुलाला आपण रडत-कुढत का होईना पाठवतो. मुलीचे पाऊल चटकन मागे घेतो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला, दोन्ही विजेतेपदे भारताने मिळवली. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. तिलाही कधी तरी पहिल्यांदा घरातून पाठवले असेलच ना कोणी?

बरे, जायचे नाही असे ठरले. मग कसे कळवायचे?

पहिली गोष्ट, ज्या घटकेला ठरले त्याच घटकेला कळवावे. "उद्यापर्यंत बघू, काही जमतंय का" असे म्हणत तीन दिवस घालवू नयेत. अगदीच अधांतरी असेल तर तसेच सांगावे, की आमचे नक्की नाही, अमुक दिवशी दुपारी बारापर्यंत नक्की सांगतो. आणि बाराला सांगावे.

दुसरी, ज्याच्या हातात भाग्यपत्रिका आहे त्यालाच कळवावे. गावच्या पोराबरोबर निरोप धाडला, वाटेत भेटलेल्या पंचांच्या कानावर घातले, म्हणजे कळवले असे होत नाही. हल्ली मोबाईलवर सगळ्यांचा मिळून एक गट असतो. त्यात एक ओळ टाकून मोकळे होतात. त्या ओळीवर चाळीस जणांचे "शुभ सकाळ" येऊन पडते आणि ती दिसेनाशी होते. तेव्हा फोन करावा, समोरच्याचा आवाज ऐकावा, "समजलं" हा शब्द त्याच्या तोंडून घ्यावा. आणि मग चिठ्ठी लिहावी. फोनवरचे बोलणे वाऱ्यावर जाते, कागद फाइलीत राहतो.

चिठ्ठी लांब नको. अशी चालेल:

"मा. मुख्याध्यापक यांस, स.न. वि. वि. आपल्या शाळेत होणाऱ्या तालुका स्पर्धेसाठी आमच्या मुलींच्या खो-खो संघाचे नाव दिले होते. संघातील चार मुली येऊ शकत नाहीत, म्हणून संघ पुरा होत नाही. आम्ही येणार नाही. आमच्या जेवणाची व राहण्याची सोय करू नये. आमच्यामुळे आपणांस त्रास झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. आमचा मुलांचा संघ ठरल्याप्रमाणे येईल. कळावे."

पाहा, यात काय आहे? कोणता संघ, ते आहे. कारण आहे, आणि खरे आहे. जेवणाचे स्पष्ट सांगितले आहे, म्हणजे बेचाळीस भाकरी वाचल्या. दुसरा संघ येणार हेही सांगितले. नाही तर ते समजायचे, की सगळीच शाळा येत नाही. कोणत्या चार मुली, हे मात्र लिहिलेले नाही. ते लिहूही नये. कोणाच्या घरी काय अडचण आहे, हे चव्हाट्यावर मांडायचे कारण नाही. आणि "गाडी बिघडली" असे खोटे लिहू नये. त्याच गाडीतून मुलांचा संघ येणार असतो!

मुलींनाही सांगावे. हे फार जण विसरतात. मोठी माणसे आपसांत ठरवतात, आणि मुलींना पहाटे पाचला, पिशवी भरून फाट्यावर आल्यावर कळते. संघाच्या कर्णधाराला आधी सांगावे, नीट बसवून सांगावे. तिने रडून घेतले तर रडू द्यावे.

प्रवेश फीचे काय? बहुतेक ठिकाणी ती परत मिळत नाही, आणि मागूही नये. यजमानांनी ती खर्च केलेली असते. उलट अगदी शेवटच्या दिवशी नाही म्हटले असेल, तर झालेल्या खर्चात काही वाटा द्यायचा का, असे आपणहून विचारावे. ते बहुधा "राहू द्या हो" म्हणतील. पण विचारण्याने मन साफ राहते.

एक बाब आणखी आहे. तालुक्यात जिंकलेल्या संघाने जिल्ह्याला न जाणे. याची झळ सर्वांत जास्त लागते, कारण मागे दुसऱ्या क्रमांकाचा संघ असतो. एका गुणाने हरलेला असतो. त्या मुलांची जाण्याची तयारी असते, पण आता मैदान बंद झालेले असते. वेळेवर कळवले, तर क्रीडा अधिकाऱ्यांना विचारता तरी येते, की आमच्या जागी ते जाऊ शकतील का. नियमात बसले तर जातील. न कळवता घरी बसलो, तर आपणही गेलो नाही आणि त्यांनाही जाऊ दिले नाही. जिंकलेली जागा आपली खरी, पण ती शेतासारखी पडीक टाकायला दिलेली नाही.

आता यजमानांसाठी दोन शब्द, कारण या सभेत तीही मंडळी आहेत. ज्याने वेळेवर कळवले, त्याला टाकून बोलू नका. पुढल्या वर्षी त्याची फी घेताना टोमणा मारू नका. नाही तर तो शिकेल, की कळवले तर शिव्या आणि न कळवले तरी शिव्याच, मग कळवा कशाला? रागवायचे असेल तर मुलांच्या देखत रागवू नका. आणि जमले तर आपल्या शाळेचा दुसरा संघ तयार ठेवा. ज्या मुलांना पुढे चाल मिळाली, त्यांच्याशी तो मैत्रीचा सामना खेळेल. गुण नाहीत, बक्षीस नाही. पण पंचवीस कोस आलेल्या मुलांच्या अंगाला घाम तरी येईल.

हे क्रिकेटच्या मैदानावर फार मोठ्या प्रमाणावर झाले आहे. १९९६ सालची जागतिक स्पर्धा भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका या तीन देशांत मिळून होती. ३१ जानेवारीला कोलंबो शहरात मोठा बॉम्बस्फोट झाला. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांनी सांगितले, की आम्ही तिथे खेळायला जाणार नाही. जिवाची भीती होती, कारण लपवलेले नव्हते. त्यांना दोष देणारे देतात, मी देणार नाही. पण श्रीलंकेचे लोक हिरमुसले. दोन सामन्यांचे गुण फुकट मिळाले, पण पाहुणे आले नाहीत. तेव्हा भारत आणि पाकिस्तान यांनी काय केले? दोघांनी मिळून एकच संघ तयार केला आणि फेब्रुवारीत कोलंबोला नेला. अझरुद्दीन कर्णधार. एकाच संघात आपला सचिन तेंडुलकर आणि पाकिस्तानचा वसीम अक्रम! मैत्रीचा सामना झाला, या एकत्र संघाने तो जिंकला. पुढे १७ मार्चला लाहोरला शेवटच्या सामन्यात श्रीलंकेसमोर कोण होते? तोच ऑस्ट्रेलिया. श्रीलंकेने त्याला मैदानावर हरवून करंडक नेला. ते गुण मात्र कोणी फुकट दिलेले नव्हते.

पुढे चाल मिळालेल्या मुलांनीही थोडे तारतम्य ठेवावे. न खेळता मिळालेल्या विजयाचा गुलाल उधळू नये. न आलेल्या संघाच्या नावाने घोषणा देऊ नयेत. त्या मुली कदाचित या घटकेला घरी चुलीपाशी बसून घड्याळ बघत असतील, की आता आपला सामना सुरू झाला असता.

माझे बोलणे संपले. येत्या स्पर्धेची संमतीपत्रे बाईंच्या टेबलावर ठेवली आहेत. आज सही केलीच पाहिजे असे नाही. घरी न्या, तारीख मोठ्याने वाचा, त्या दिवशी कोणाचे लग्न, बारसे, बाजार आहे का ते बघा, आणि शुक्रवारपर्यंत "हो" किंवा "नाही" लिहून पाठवा. दोन्ही चालतील.